शून्य नंबरच्या तुकड्यात चार मुठी

तर पुन्हा तेच सांगतो तेजल, मी पळून गेलो नव्हतो. पळून जाणारा माणूस आईकडून भाकरी बांधून घेतो का? आबांच्या पाया पडतो का? जीपवाल्याला दहा मिनिटं ताटकळत ठेवून तुटलेल्या चपलेला तार घालत बसतो का? फक्त तुला उठवलं नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा, आणि तो धरून तू अडीच महिने बसली आहेस. फोन केला की पहिलं वाक्य, "दादा, का गेलास ते सांग." मी "कंपनीतून बोलावणं आलं होतं" म्हणालो की फोन आबांच्या हातात. बरं, आपल्या घरी फोन कायम स्पीकरवर. तू विचारणार, आबा ऐकणार, आई भांडी घासायची थांबून ऐकणार, आणि मागून म्हैस. एवढ्या मंडळींसमोर माणसानं खरं बोलावं तरी कसं? म्हणून हे पत्र. माझ्या आयुष्यातलं दुसरं. (पहिलं आठवीत गुरुजींनी आबांच्या नावानं माझ्याकडून लिहून घेतलं होतं. ते अजून आबांना मिळालेलं नाही.)

भांडणाच्या भरात मायना राहिला, तो इथं घालतो. लहान बहिणीला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात आणि शास्त्रज्ञाला नमस्कार, म्हणून तुला दोन्ही पाठवतोय, लागेल तो ठेवून घे. (नावाआधी चि. सौ. कां. लिहायची पद्धत आहे म्हणे, पण पत्र आबांच्या हाती पडलं तर ते वाचून त्यांच्या डोक्यात भलतंच काही येईल, म्हणून गाळलं.) आईचा गुडघा कसा आहे? तेल लावते का नुसती बाटली उन्हात ठेवते? आबांचा खोकला? म्हैस व्याली का? मी इथं खुशाल आहे. खुशाल म्हणजे ताप नाही, जुलाब नाहीत आणि पगार होतो.

माझ्या कामाचं तू मागे विचारलं होतंस आणि मी "सोलरमध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. खरं काम काच पुसण्याचं. कच्छच्या रणाच्या कडेला जिथवर नजर जाते तिथवर सूर्याकडे तोंड करून प्लेटा बसवल्यात, आणि त्यांच्यावर रोज धूळ बसते. ऊन चढायच्या आत आम्ही ती धुतो. एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा मळलेलं असतं, त्यामुळे काम संपेल ही काळजी नाही. धरणाच्या काठचा मी माणूस, उन्हाळ्यात म्हशीबरोबर चारचार तास पाण्यात बसणारा. इथं प्लेटांना टँकरभर पाणी आणि आम्हाला माणशी एक बादली. माझ्या खोलीत दोघं ओडिशाचे आहेत, स्वभावानं गरीब, पण ते एकमेकांत बोलायला लागले की मी भिंतीकडे बघून हसतो, म्हणजे त्यांना वाटावं मलाही काहीतरी आठवलं. मराठी बोलायला कोणी नाही. म्हणून मी प्लेटांशी बोलतो. "बाई, जरा मान वर कर," "तुला काल पुसलं होतं की गं." परवा सुपरवायझरनं ऐकलं आणि मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरनं जीभ बघितली आणि पाणी जास्त प्यायला सांगितलं. (कुठलं, ते नाही सांगितलं.)

दिवाळीत ते दोघंही गावाला गेले. मी आणि जेवण करणारे महाराज असे दोघंच राहिलो. (इथं आचाऱ्याला महाराज म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो होतो, तेव्हापासून मला अर्धी पोळी जास्त मिळते.) पाडव्याला फोन लावला तर आबांनी तुझं कौतुक सुरू केलं आणि त्यातूनच मला सगळी बातमी कळली, जी कळली नसती तर मी अजून दोन वर्षं कंपनीचं बोलावणं सांगत राहिलो असतो. बातमी तुला ठाऊकच आहे, पण मला काय कळलं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. तुझ्या कॉलेजनं गावाकडच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलींना एकेक मार्गदर्शक देऊन संशोधन शिकवायचं काढलं, त्यात सबंध मावळातून दोघीच निवडल्या आणि त्यातली एक तू, एवढं मला माहीत होतं. येत्या वीस तारखेला पुण्यात मोठ्या लोकांसमोर तुला ते मांडायचंय, आणि पसंत पडलं तर उन्हाळ्याचे दोन महिने पुण्याच्या प्रयोगशाळेत काम मिळणार, हे नवीन कळलं. आणि तू काय मांडणार आहेस ते ऐकल्यावर माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

आपल्या रस्त्याकडेच्या भाताच्या खाचराचे तू सहा तुकडे केलेस, दहा फूट बाय दहा फूट. दोन तुकड्यांत धरणातला गाळ, दोन तुकड्यांत नेहमीचा युरिया, आणि दोन तुकड्यांत काहीच नाही. मग काहीच न दिलेल्या दोन तुकड्यांपैकी आतला पिवळा राहिला आणि रस्त्याकडेचा हिरवागार झाला. तुझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, एकसारखं वागवलेलं एकसारखंच यायला हवं, तेव्हा कारण शोधा. तू शोधलंस. रस्त्यापलीकडे सोपानकाकांचा पर्यटकांसाठीचा तंबूंचा कॅम्प आहे, तिथल्या संडासाचा खड्डा आहे, तिथलं पाणी झिरपून आपल्या तुकड्यात येतं आणि त्यामुळे भात हिरवं होतं, असं तू वहीत लिहिलंस. आबांनी ते चार लोकांत सांगितलं. आबांना कुठलीही गोष्ट एकाला सांगता येत नाही. मग सोपानकाकांनी ग्रामपंचायतीच्या लोकांना बोलावून भर दुपारी स्वतःच्या खर्चानं तो खड्डा उपसून दाखवला, त्याला सिमेंटचा गिलावा आहे हे सगळ्यांना वाकून बघायला लावलं, आणि त्याच खड्ड्याच्या काठावर खुर्च्या मांडून चहा पाजला. आबा प्याले नाहीत. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. दिवाळीचा फराळही त्यांच्याकडून आला नाही आणि आपल्याकडून गेला नाही.

आता त्या तुकड्याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो. राखीला मी आलो होतो, त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी झोपलो होतो, त्यामुळे खाचरात कोण आलं आणि कोण गेलं हे मी बघितलेलं नाही.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. आज पुन्हा काढलंय. आठवतं, त्याच रजेत तुला मोटारसायकलवरून कॉलेजला सोडायला आलो होतो आणि बाहेर उभा होतो, तर बदरुन्निसा मॅडमनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं होतं? मला वाटलं, आता विचारणार किती शिकलास. त्यांनी विचारलं की तुमच्याकडे एवढ्या जागेला युरिया किती देतात. मी म्हणालो, चार मुठी. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि शेजारी माझं नाव लिहिलं, "कैलास, शेतकरी."  माझं नाव वहीत लिहून कोणी त्याच्यापुढे लाल शेरा मारला नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. मग तू वहीत काहीतरी चुकलीस आणि घोटून घोटून खोडायला लागलीस, तेव्हा त्यांनी तुझा हात धरला. म्हणाल्या, चूक झाकायची नाही, तिच्यावर एक साधी रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे, आणि बाजूला खरं लिहायचं. त्यांच्या मोहल्ल्यातून एमएस्सी करणाऱ्या त्या पहिल्या, आणि त्यांना हे ज्यांनी शिकवलं त्यांनीही त्यांचा असाच हात धरला होता म्हणाल्या. तर वर, "मी झोपलो होतो" पासून "बघितलेलं नाही" पर्यंत मी एक साधी रेघ मारली आहे. वाचता येतेय ना? आता बाजूला खरं लिहितो.

मी जागा होतो. मला घरी आल्यावर झोप लागत नाही, इतकी शांतता असते. आदल्या संध्याकाळी मी रस्त्यावर उभा होतो, तर सोपानकाकांचा पप्पू मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काय कैलासदादा, बहीण शास्त्रज्ञ आन् भात असलं पिवळं? पाहुणे फोटो काढत्यात, इचारत्यात कुणाचं शेत." मी बघितलं तर खरंच. बाकीचे तुकडे डुलतायत आणि रस्त्याकडेचा तो एक तुकडा, आजारी पोरासारखा. त्याच्यात तू रोवलेली काठी होती आणि काठीवर शून्य लिहिलं होतं. माझ्या गणिताच्या पेपरावर जे असायचं तेच. मला वाटलं, हे तू त्या तुकड्याला दिलेले मार्क आहेत. आतल्या तुकड्यातही शून्याची काठी होती, पण तो रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. (हे वाचून तू कपाळाला हात लावशील. लाव.) शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस पिवळं भात बघून तसाच पुढे जाऊ शकत नाही तेजल, त्याचा हात आपोआप गोणीकडे जातो. सकाळी पडवीतल्या गोणीतनं चार मुठी युरिया घेतला आणि टाकला. तू उठायच्या आत परत येऊन चहा पीत बसलो. मला वाटलं, चार दिवसांत तुकडा उजळेल, तुझी लाज राहील, आणि मी काही बोलणार नाही. मोठा भाऊ म्हणून मी तुझ्या शिक्षणात केलेली ती पहिली मदत होती.

त्याच संध्याकाळी जेवताना आबांनी विचारलं, "ते एक उपाशी ठेवलंय व्हय गं?" आणि तू हातातला घास खाली ठेवून समजावून सांगितलंस, आईलासुद्धा समजेल असं. आबांनी विचारलं, उपाशी तुकड्याचा उपयोग काय. तू म्हणालीस, "त्याला काही दिलं नाही, म्हणूनच बाकीच्यांना दिल्याचं काय झालं ते कळतं."

हे तू भाताबद्दल बोलत होतीस, हे मला माहीत आहे.

पण मला पुढचा घास गेला नाही. तू म्हणालीस, दादा, नारळीभात आवडला नाही का. मी म्हणालो, दात दुखतोय. सकाळी पहिल्या जीपनं निघालो, दोन दिवस आधी. कंपनीचं बोलावणं वगैरे काही नव्हतं. उलट मी लवकर आलो म्हणून सुपरवायझर घाबरला, त्याला वाटलं घरी कोणीतरी गेलं. कामशेतला उतरून मी सुटे काढायला खिशात हात घातला, तर बोटांना अजून युरियाचा वास येत होता. किंवा नसेल येत, मला वाटला.

आता कामाचं. पाडव्याच्या फोननंतर मी तीन दिवस विचार केला. नुसतं "मी टाकला" एवढं सांगून तुझा तुकडा फुकट जाईल, आणि मॅडम विचारतील किती टाकला, तर तू काय सांगशील? "चार मुठी" वहीत चालतं, पण पुण्याच्या लोकांना माझी मूठ कुठं माहीत आहे? म्हणून मी माझी मूठ मोजली. इथं युरिया मिळत नाही (इथं काही उगवतच नाही), म्हणून साखर घेतली. महाराजांकडे वजनकाटा आहे. मी त्यांना न विचारता त्यांच्या डब्यात हात घातला, हे चुकलंच. एक मूठ काढली, काट्यावर ओतली, लिहिलं, परत डब्यात. दुसरी मूठ. तिसऱ्या मुठीला महाराज आले. त्यांना वाटलं मी साखर चोरतोय, आणि मी हिंदीत सांगत होतो की बहिणीच्या भातासाठी मोजतोय, त्यामुळे त्यांचा संशय पक्का झाला. सुपरवायझर आला. त्यानं मला पुन्हा दवाखान्यात पाठवायचं ठरवलं. शेवटी मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, खाचर, शून्याची काठी, सोपानकाकांचा खड्डा, सगळं. महाराज खाली बसले. त्यांची धाकटी बहीण नापास झाली तेव्हा तिला शाळेतून काढणारे तेच होते म्हणाले. मग त्यांनी स्वतः वही धरली आणि मी सात मुठी आणखी काढल्या. एकूण दहा. सगळ्यात लहान छप्पन्न ग्रॅम, सगळ्यात मोठी चौसष्ट, बेरीज सहाशे. तू एकदा म्हणाली होतीस, एकदाच मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणून दहा. तेव्हा माझी एक मूठ साठ ग्रॅम धर, चार मुठी दोनशे चाळीस. साखर आणि युरिया सारख्याच वजनाचे नसतील हे मलाही कळतं. तू एक वाटी साखर आणि तीच वाटी युरिया मोजून बघ आणि जो फरक येईल तो माझ्या मुठीला लाव. सोबत वेगळ्या कागदावर सगळ्या दहा मुठी लिहिल्यात, खाली महाराजांची सही आहे, गुजरातीत. तुकड्यात त्या वेळी दोन बोटं पाणी होतं, पाऊस नव्हता, वेळ सव्वासहा, हात उजवा. एवढं पुरे का आणखी काही लागतं, ते मॅडमना विचार. आणि पुढच्या आठवड्यात कापणी आहे, तेव्हा त्या तुकड्याचं भात बाकीच्यात मिसळू देऊ नको. तो आता उपाशी नाही, पण खोटाही नाही. त्याला काय दिलं ते आता लिहिलेलं आहे.

सोपानकाकांना मी काल फोन केला. टँकरवर चढलं की रेंज येते, त्यामुळे टँकरच्या टपावर उभं राहून कबूल केलं.  काका म्हणाले, "म्हंजी खड्डा उगाच उपसला व्हय रे?" मी व्हय म्हणालो. ते म्हणाले, पोरीला तूच सांग, मी सांगणार न्हाई, आणि तुझ्या बापाला, हनुमंताला सांग, चहा अजून त्याच्या वाट्याचा शिल्लक आहे. तेव्हा आबांना तेवढा चहा पिऊन यायला सांग.

तुला वाईट वाटेल, राग येईल, ते सगळं तू करशीलच. पण वीसच्या आधी मॅडमकडे जा आणि हा कागद दे. जे कारण तू लिहिलंस त्यावर एक साधी रेघ मार. त्यांना सांग, भावानं केलं. लोकांसमोरही सांग, नावासकट, मला चालेल. माझं एरवी उत्तम चाललंय. शाळा सुटली ते बरंच झालं, माझ्यासारख्याचं बूड चार भिंतींत टिकलं नसतं, सोपानकाकांचे तंबू, लोणावळ्याची चिक्की, आंबीची कंपनी, कुठंच सहा महिने झाले नाहीत, तर दहावीला कुठला बसतोय. मोकळा माणूस आहे मी. पत्र टँकरचा ड्रायव्हर शनिवारी टपालात टाकेल.

तुझा भाऊ,
कैलास

ता. क. वर "शाळा सुटली ते बरंच झालं" पासून "मोकळा माणूस आहे मी" पर्यंत मी एक रेघ मारली आहे. पप्पू म्हणतो, घरबसल्या दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो आणि तो भरायचे दिवस आता संपत आलेत. माझा शाळा सोडल्याचा दाखला आईच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत आहे. हे पत्र लिहायचं खरं कारण वीस टक्के हे आहे. (टक्केवारी महाराजांनी तपासली.) फॉर्म तू भर. आबांना निकाल लागेपर्यंत सांगू नको. आणि गणिताचं काही अडलं तर मी टँकरवर चढून फोन करीन, तेव्हा स्पीकर बंद ठेव.

ता. क. दुसरं. आबांना घरखर्चाचे नेहमीसारखे पाठवले आहेत. हे वेगळे, पप्पूच्या फोनवर टाकलेत, तुझ्या नावानं: फॉर्मची फी आणि फोटोचे मिळून बाराशे, आणि आबांच्या गोणीतला दोनशे चाळीस ग्रॅम युरिया, पंचेचाळीस किलोची गोणी दोनशे साडेसहासष्टची धरून, तीन वेळा हिशेब करून तिन्ही वेळा तेवढाच आला, एक रुपया बेचाळीस पैसे. एकूण बाराशे एक रुपये बेचाळीस पैसे.